गाळी आणि गाळ

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या ब्रेकवर लेख लिहावा, हे पाहून आमच्या लेखाशास्त्राच्या सरांना आश्चर्य वाटेल आणि विज्ञान शाखेच्या मित्रांना थोडा रागही येईल. पण गेले वर्षभर आमच्या घरी जेवताना दुसरा विषयच नव्हता. वडील एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये आजी. वादाचे कारण अंगणात उभे होते.

ते कारण म्हणजे आमची प्रीमियर पद्मिनी, १९७६ चे मॉडेल. आमच्या बाजूला अजूनही पुष्कळ लोक तिला फियाटच म्हणतात आणि ते चुकीचे नाही. इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होत असे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ही कंपनी काढली. १९७४ पासून त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ती सगळ्या देशाने सिनेमात पाहिली. ऑक्टोबर २०२३ अखेर त्या टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून निघून गेल्या. त्या वेळी वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. आमच्या वडिलांनी त्यातला एक आजीला वाचून दाखवला आणि शेवटी म्हणाले, "बघ आई, मुंबईवाल्यांनीसुद्धा सोडली."

आजीने उत्तर दिले नाही. तिचे कारण वेगळे होते आणि ते मुंबईच्या लोकांना कळण्यासारखे नव्हते.

आमचे मूळ गाव सुपा. आज जोयडा तालुका म्हणतात तो पूर्वी सुपा तालुका होता, आणि काळी व पांढरी ह्या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले सुपा हे त्याचे ठाणे होते. गणेशगुडीजवळ काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण बांधले गेले. १९८७ साली ते पूर्ण झाले. गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली. आमच्यासारखी कितीतरी घरे रामनगरला येऊन वसली. आज 'सुपा' म्हटले की लोकांना जलाशय आठवतो, पण आमच्या घरात त्याचा अर्थ अजून गाव असाच आहे. आजोबांनी ही गाडी जुन्या सुप्यात असतानाच, १९८२ साली, एका कंत्राटदाराकडून वापरलेली घेतली. गाव सोडताना भांडीकुंडी, तुळया, कौले ट्रकमधून गेली. देव्हारा मात्र आजीने मांडीवर घेतला आणि ती ह्या गाडीत पुढच्या लांब आसनावर बसून रामनगरला आली. सुप्यातून बाहेर पडलेल्या वस्तूंपैकी चालती अशी एवढीच एक उरली आहे, असे ती म्हणते.

आता रोगाविषयी.

दोन वर्षांपूर्वी गाडीला एक विचित्र खोड जडली. घरून निघताना ब्रेक उत्तम. रामनगर सोडून दांडेलीच्या वाटेला लागावे, जगलबेट ओलांडावे, की गाडी हळूहळू जड व्हायची. इंजिन जोर करी पण गाडी पुढे सरकत नसे. मग करपल्याचा वास, आणि शेवटी ती जागच्या जागी थांबे. काका उतरून झाडाखाली बसत. अर्ध्या तासाने गाडी आपोआप मोकळी होई आणि काही घडलेच नाही अशी चालू लागे. असे एकदा नाही, पाच-सहा वेळा झाले आणि बहुतेक वेळा त्याच पट्ट्यात. आजीचे म्हणणे साधे होते. जलाशय जवळ आला की गाडीला घर आठवते आणि ती पुढे जायला तयार होत नाही. हे ऐकून वडील हसत, पण मला हसू येत नसे. माझ्याजवळ दुसरे कारण कुठे होते?

काकांनी गाडी तीन गॅरेजांत दाखवली. ती कोणती, हे लिहिण्यात अर्थ नाही. एकाने ब्रेक शूचे लायनर बदलले. दुसऱ्याने मागच्या चाकांची बेअरिंगे बदलली. तिसऱ्याने गाडी चालवून पाहिली, "काहीच दोष नाही" असे सांगितले आणि पाचशे रुपये घेतले. त्यांनाही फार दोष देता येत नाही. गाडी त्यांच्या दारात पोहोचेपर्यंत थंड झालेली असे, आणि थंड झाल्यावर तिचा रोग दिसतच नसे. डॉक्टरकडे जाताच ताप उतरावा तसा हा प्रकार होता.

वडिलांनी भंगारवाल्याला बोलावले. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टपावर थाप मारली आणि बावीस हजार सांगितले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीची नोंदणी पुन्हा करण्याचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजार झाले होते, हेही वडिलांच्या बाजूचे एक प्रमाण होते. त्यांनी निकाल दिला: दिवाळीपर्यंत ब्रेक खात्रीचे झाले तर ठीक, नाहीतर गाडी जाईल. आजीला कद्र्याला तिच्या धाकट्या बहिणीकडे जायचे होते. बहिणीचे डोळे गेले आहेत, दोघींची भेट तीन वर्षे झाली नव्हती. आजीला बसने अणशी घाट सोसत नाही, उलट्या होतात. ह्या गाडीत होत नाहीत, असे तिचे म्हणणे. वडील म्हणाले, "ज्या गाडीच्या ब्रेकचा भरवसा नाही, त्या गाडीतून मी माझ्या आईला घाट उतरू देणार नाही." ह्या वाक्याला घरात कोणाकडेच उत्तर नव्हते. आजीकडेही नव्हते.

इथे ब्रेक कसे चालतात ते थोडे सांगितले पाहिजे. सायकलच्या ब्रेकला तार असते, मोटारीच्या ब्रेकला तेलाची तार असते असे समजा. पायाखालचे पेडल एक दट्ट्या ढकलते. ह्या दट्ट्याचे घर म्हणजे मास्टर सिलिंडर. तिथून बारीक नळ्यांनी तेल चारही चाकांत जाते आणि तिथल्या लहान सिलिंडरांतले दट्टे ब्रेक शूंना ड्रमवर दाबतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत मराठीतून पाठ केला आहे. उदाहरणापुरते पाहा. पायाचा जोर ३० किलो, पेडलच्या तरफेने तो पाचपट होऊन १५० किलो झाला, आणि मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटीमीटर असेल, तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरला ५० किलोचा दाब चारही चाकांपर्यंत जातो. मोटारीला असे ब्रेक बसवायची कल्पना अमेरिकेत माल्कम लॉकहीडने काढली आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीला ते चारही चाकांवर आले. ह्या व्यवस्थेचा एकच हट्ट आहे. नळीत तेलाशिवाय काही असता कामा नये. तेल दबत नाही, हवा दबते. हवा शिरली की पायाचा जोर हवेला दाबण्यातच खर्च होतो आणि पेडल स्पंजासारखे लागते.

दुसरी गोष्ट अशी की ह्या जुन्या गाडीत चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट आहे. कुठेही एक वॉशर गेला तर चारही चाकांचे ब्रेक जातात, मग हँडब्रेक आणि देव. अमेरिकेत १९६८ पासून दोन स्वतंत्र वाटा सक्तीच्या झाल्या. वडिलांची भीती पोकळ नव्हती, हे मला हे वाचल्यावर कळले.

श्रावणात काकांना दांडेलीचे एक वयस्क मिस्त्री सापडले. त्यांनी "माझे नाव कुठे छापू नकोस" असे बजावले आहे, म्हणून त्यांना नुसते मिस्त्रीच म्हणतो. ते कानडी बोलतात, मराठी समजतात आणि रागावले की हिंदीत जातात. काकांची कानडी बाजारापुरती, म्हणून मधला दुभाषी मी. त्यांनी गाडीला हातसुद्धा लावला नाही. आधी विचारले, "गार झाल्यावर सुटते का?" हो म्हटल्यावर म्हणाले, "मग थंड गाडी मला दाखवू नका. ती बिघडेल तेव्हा मी तिच्यात बसलेला पाहिजे." इतके दिवस कोणालाच हे सुचले नव्हते.

दुसऱ्या रविवारी ते एसटीने रामनगरला आले आणि आम्ही तिघे निघालो. जगलबेटच्या पुढे गाडीने आपला मान राखला आणि थांबली. मिस्त्रींना मनापासून आनंद झालेला मी पाहिला. चाकांना दगड लावले, जॅक लावून एकेक चाक उचलले. चारही चाके घट्ट. "नोडू तम्मा," ते मला म्हणाले, "एक चाक धरले तर रोग चाकात. चारही धरली तर रोग वर, जिथून चारही वाटा फुटतात तिथे." तीन गॅरेजांनी चाकांवर केलेला खर्च एका वाक्यात वाया गेलेला दिसला. पण त्यांनी एवढ्यावर विश्वास ठेवला नाही. मागच्या चाकाच्या हवा काढायच्या निपलवर चिंधी धरली आणि पाना अर्धा फेरा फिरवला. तेलाची पिचकारी उडाली आणि खाड् आवाज करून चाक सुटले. काकांनी पुढची चाके फिरवून पाहिली, तीही सुटली होती. म्हणजे शू गंजून अडकले नव्हते, स्प्रिंग तुटली नव्हती. तेलच दाबाखाली कोंडले गेले होते आणि त्याला परत जायला वाट नव्हती.

ती वाट का बंद व्हावी? मास्टर सिलिंडरला एक अगदी बारीक भोक असते. पाय उचलला की दट्ट्या मागे येतो, भोक उघडते आणि गरम होऊन फुगलेले तेल वरच्या डबीत परत जाते. दट्ट्या पुरता मागे येत नसेल तर भोक झाकलेले राहते. मग ड्रम तापतो, तेल फुगते, शू आणखी दाबले जातात, ड्रम आणखी तापतो. चक्रवाढ व्याजासारखेच हे. थंड झाले की तेल आकसते आणि गाडी सुटते. जगलबेटचे रहस्यही असेच सुटले. घरून निघाल्यावर इतके वेळा ब्रेक दाबून तेल इतके तापायला साधारण तेवढाच रस्ता लागत होता. मी हे आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "असेल. पण आठवणही असेल." मी पुढे वाद घातला नाही.

दट्ट्या मागे न येण्याची कारणे दोन. एक तर पेडलला मोकळी चाल ठेवलेली नसते. मिस्त्रींनी बोटाने पेडल दाबून पाहिले, चाल होती. मग दुसरे कारण, आतले रबरी वॉशर फुगलेले. त्यांनी माझ्याकडून पाण्याचा पेला घेतला, त्यात डबीतले चार थेंब तेल सोडले आणि पेला हलवून माझ्या हातात दिला. ब्रेकचे तेल नावालाच तेल असते. ते ग्लायकोल जातीचे, पाण्यात मिसळून जाते. आमच्या पेल्यात वर तवंग तरंगत होता. कुणीतरी कधीतरी डबीत इंजिनाचे किंवा तसलेच खनिज तेल ओतले होते. ब्रेकच्या रबराला ते चालत नाही, रबर फुगून मऊ होते. काकांना एकदम आठवले. पूर्वी एकदा एका गॅरेजात तेल कमी आहे म्हणून "थोडे टाकून" दिले होते. त्यांना तिथे जाऊन भांडायचे होते. मिस्त्री म्हणाले, "भांडून वॉशर आकसत नाही."

गाडी तासभर थंड करून, ब्रेकला पाय कमीत कमी लावत, दुसऱ्या गिअरमध्ये मिस्त्रींनी स्वतः दांडेलीला नेली. तिथे ती अकरा दिवस राहिली. अशा वेळी एक वॉशर बदलून भागत नाही, जिथे जिथे ते तेल गेले तिथले सगळे रबर जाते. मास्टर सिलिंडरचे किट, चारही चाकांची किटे, रबरी होज, सगळे नवे. मी बेळगावला कॉलेजच्या कामाने गेलो होतो, तिथे दोन दिवस दुकाने पालथी घातली. एका म्हाताऱ्या दुकानदाराने वरच्या फळीवरून धूळ झाडून किट काढून दिले. मिस्त्रींनी ते परत पाठवले. डबा नवा असला तरी रबर वीस वर्षांचे जुने असेल, नखाने दाबून बघ म्हणाले. खरेच, त्याला बारीक चिरा पडत होत्या. शेवटी हुबळीहून ताजे आले. सगळा खर्च, मिस्त्रींची मजुरी धरून, नऊ हजार चारशे झाला. घसरत्या शिलकेच्या पद्धतीने घसारा काढला तर ह्या गाडीची पुस्तकी किंमत कधीच काही रुपयांवर आली असेल, पण शून्य मात्र कधी होणार नाही. त्या पद्धतीत कोणतीच मालमत्ता शून्य होत नाही. हे मी वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले.

हवा काढण्याच्या दिवशी मी पेडलवर होतो. मिस्त्री गाडीखालून म्हणाले, "गाळी तगीबेक्री." माझ्या मराठी कानाला ते 'गाळ' ऐकू आले. कानडीत गाळी म्हणजे हवा, हे मला माहीत असूनही शाळेतली भाषा आधी कानात शिरते. गंमत अशी की दोन्ही अर्थ खरे निघाले. आधी नळ्या स्पिरिटने धुतल्या तेव्हा त्यांतून काळा, चिकट गाळ आला, मग नवे तेल भरल्यावर बुडबुडे आले. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी, मग जवळजवळचे. मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. खालून हुकूम येई: "ओत्तू!" मी दाबी. "हिडी!" मी धरून ठेवी. निपल उघडे, पेडल खाली जाई, निपल बंद. "बिडू!" मी सोडी. निपल उघडे असताना पाय उचलला तर निघालेली हवा परत आत येते, म्हणून हे तीन शब्द ऐकल्याशिवाय पाय हलवायचा नाही. डबीतले तेल संपू देऊन चालत नाही, ते काम काकांकडे. दीड तासाने निपलला लावलेल्या नळीतून निर्मळ तेल आले. कानडी विभागाच्या वाचकांना हे तीन शब्द किरकोळ वाटतील, माझ्या पोटरीला ते अजून पाठ आहेत.

एवढे करूनही पेडल जरा खोल जात होते. काकांचा चेहरा पडला. मिस्त्रींनी मात्र मला फरक दाखवला. पेडल स्पंजासारखे असेल तर हवा राहिली आहे. खोल जाऊन मग दगडासारखे लागत असेल तर हवा नाही, शू ड्रमपासून लांब आहेत. पाय धरून ठेवल्यावर हळूहळू बुडत असेल तर कुठेतरी गळती आहे, बाहेर नसली तर मास्टर सिलिंडरच्या आत. आमचे दगडासारखे होते. शू जवळ घेतले आणि पेडल वर आले.

वडिलांनी मिस्त्रींचा शब्द मानला नाही आणि माझ्या मते बरोबर केले. ते स्वतः बसले, इंजिन बंद ठेवून पेडलवर पूर्ण जोर दिला आणि मनगटावरचे घड्याळ पाहत दोन मिनिटे तसेच राहिले. पेडल तसूभरही बुडले नाही. मग आठ दिवस ते एकटेच रोज जगलबेटच्या पलीकडे जाऊन येत. कुणाला सोबत नेत नसत. आठव्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना फोन करून विचारले, हे तेल किती दिवस चालेल? उत्तर आले की ब्रेकचे तेल हवेतला ओलावा ओढते. डॉट ३ जातीचे नवे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेले तेल १४० च्या पुढे उकळू शकते, आणि उकळले की नळीत वाफ होते, म्हणजे पुन्हा दबणारी वस्तू. आपल्या जोयड्याच्या पावसात दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवू नका. वडिलांनी तारीख कॅलेंडरवर लिहिली. गाडी दोन वर्षे तरी राहणार, हे घराला त्या कॅलेंडरवरून समजले.

दिवाळीच्या आधी, पाऊस उघडल्यावर, आम्ही अणशी घाट उतरलो. वडील चालवत होते, दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय सतत न ठेवता, वळणाआधी दाबून सोडत. आजी पुढच्या आसनावर होती. घाटभर ती एकच वाक्य बोलली, "हळू नको, नीट चालव." कद्र्याला पोचल्यावर दोघी बहिणी दारातच एकमेकींचे हात धरून बसल्या, आम्ही सामान आत नेले तरी त्या उठल्या नाहीत.

मिस्त्रींनी मला एक काम सांगून ठेवले होते. घाट उतरल्यावर हात न भाजेल इतका जवळ नेऊन प्रत्येक ड्रमची धग पाहायची. पुढची दोन सारखी हवीत, मागची दोन सारखी हवीत. पुढची सारखीच होती. मागचे उजवे मात्र डाव्यापेक्षा थंड लागले. मी ते वहीत लिहिले. वडिलांनी वाकून स्वतः हात धरून पाहिला आणि म्हणाले, "तो शू किंचित जवळ घ्यावा लागेल. मिस्त्रींना रविवारी येता येईल का, विचार."